‘त्यांना सांगू नका’

दवाखान्याच्या दारात मराठी माणूस जी वाक्ये हलक्या आवाजात बोलतो, त्यांत ‘त्यांना सांगू नका’ हे वाक्य बहुधा सर्वांत जुने असावे. डॉक्टर तपासणीचा अहवाल हाती घेऊन बसलेले असतात, रुग्ण बाहेर बाकावर असतो आणि मुलगा, जावई किंवा पुतण्या टेबलावर किंचित वाकून हे वाक्य बोलतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याविषयी मला शंका नाही. मी स्वतः ते बोललो आहे. या मायेचा हिशेब नेमका कुठे चुकतो, हे मला येथे मांडायचे आहे. तो चुकण्यात आपल्या भाषेचा आणि साहित्याचाही काही वाटा आहे असे मला वाटते, म्हणून ते साहित्याच्या वाचकांपुढे मांडतो आहे.

आमचे गाव कवठे महांकाळ तालुक्यातले. तालुका तसा दुष्काळी; अग्रणी नदी वर्षातले बरेच महिने नावापुरती. म्हैसाळ योजनेचे पाणी आले की द्राक्षबागा तगतात, शेडमध्ये बेदाणा वाळतो, आणि पाणी लांबले की टँकरचे हिशेब सुरू होतात. दुखणे मोठे झाले की माणूस मिरजेला जातो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटक सीमेवरच्या माणसांना मिरज म्हणजे दवाखाना हे समीकरण ठाऊक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्हीही वडिलांना घेऊन मिरजेला गेलो. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय एकाहत्तर. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, यकृतावर तिचे डाग आढळले. मी डॉक्टरांना म्हणालो, “त्यांना सांगू नका.” आणि घरी सर्वांनी मिळून ठरवले की, ‘आतड्याला सूज आहे’ असे सांगायचे. केमोथेरपीला आम्ही ‘सूज उतरवायचं सलाईन’ म्हणू लागलो.

यातला विनोद आज मला स्पष्ट दिसतो. ज्या माणसाने अडतीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, त्याला आम्ही दर तीन आठवड्यांनी ‘कर्करोग विभाग’ अशा पाटीखाली बसवत होतो आणि त्याला काही कळत नाही असे गृहीत धरत होतो. बरे, हा शब्द तालुक्याला अनोळखीही नव्हता. तासगाव-कवठे महांकाळचे आमदार आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा आमच्या पारावर, एस.टी.त आणि बेदाण्याच्या शेडमध्येही त्या रोगाचे नाव मोकळेपणाने घेतले जात होते. नेत्याच्या बाबतीत उच्चारता येणारा शब्द घराच्या उंबऱ्याआत मात्र येऊ द्यायचा नाही, असा आमचा अलिखित नियम होता.

तिसरे सलाईन झाल्यावर नवव्या दिवशी, एप्रिलमध्ये, सकाळी अंगणात चहा पिताना तात्यांच्या हातातली कपबशी कलली. बोलणे जड आले. आईला वाटले, औषधाची गुंगी असेल; मागच्या दोन खेपांनाही ते असेच गळून गेले होते. तिने लिंबाचे सरबत दिले आणि त्यांना आत निजवले. खरड छाटणीची माणसे बागेत आली होती, भाऊ तिकडे होता. दुपारी त्यांचा उजवा हात उचलेना. शेजारची म्हातारी आली, तिने चेहरा पाहिला आणि म्हणाली, “अंगावरनं वारं गेलंय रं त्येंच्या.” मग गाडी, मग मिरज. दंडोबाचा डोंगर मागे पडेपर्यंत सहा तास उलटले होते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कर्करोगाच्या रुग्णाला ते द्यावे की नाही, हा आणखी निराळा प्रश्न. आमच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवलाच नाही.

एका घरावर दोन संकटे योगायोगाने आली, असे आम्हाला वाटत होते. पण ते तसे नाही. कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, शिरांत गुठळ्या होतात, हे आर्माँ त्रूसो या फ्रेंच वैद्याने १८६५ मध्येच सांगितले होते. पुढे दोन वर्षांच्या आत त्याला स्वतःच्याच अंगात ते चिन्ह दिसले, त्यावरून त्याने आपला रोग ओळखला आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने तो गेला. काही औषधांनीही हा धोका वाढतो. म्हणजे कर्करोगावर उपचार चालू असताना तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, हात लुळा पडणे याला ‘अशक्तपणा’ म्हणून झोपवून ठेवायचे नसते. आम्हाला ते माहीत असते तर? हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. पण त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे. रोगाचे नाव घरात उच्चारायचेच नाही असे एकदा ठरले की त्या रोगाची माहितीही घरात फिरत नाही. डॉक्टर जे सांगत ते मी बाहेर बोळात ऐकत असे आणि आईपर्यंत त्यातले निम्मे पोचवत असे, कारण आईच्या तोंडून चुकून काही निसटेल अशी मला भीती होती. त्या सकाळी तात्यांजवळ होती ती आईच. आम्ही तात्यांना अंधारात ठेवत होतो असे समजत होतो. प्रत्यक्षात दिवा मालवला होता तो सगळ्या घराचा.

येथे भाषेकडे थोडे पाहिले पाहिजे. कर्करोगाला आपण ‘गाठ’, ‘तसला आजार’, ‘मोठं दुखणं’ म्हणतो. आणि मृत्यूनंतर वर्तमानपत्रात ‘झुंज अपयशी ठरली’ असे छापतो. म्हणजे जिवंतपणी मौन आणि मेल्यावर युद्ध. सूझन सोंटॅग यांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात या युद्धाच्या रूपकांवर कठोर टीका केली, ती आपल्याकडील साहित्याच्या वर्गांतही शिकवली जाते. पण आपल्या भाषेतल्या मौनाची तितकी चिकित्सा झालेली नाही. झुंज द्यायची तर निदान शत्रूचे नाव तरी सैनिकाला ठाऊक असावे लागते. उलट पक्षाघाताला आपल्याकडे शब्दांची वाण नाही: अर्धांगवायू, लकवा, झटका, वारं. यांतले ‘वारं गेलं’ मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. वारा बाहेरून येतो आणि निघून जातो, त्यात कुणाचा दोष नसतो. शब्द ऐकताच माणूस सुस्कारा टाकतो, तेल चोळायला घेतो. त्या शब्दात सांत्वन भरपूर आहे आणि घाई अजिबात नाही. कर्करोगाला पंचांग असते: या तारखेला सलाईन, त्या तारखेला तपासणी. पक्षाघाताला घड्याळ असते. पंचांगाची सवय झालेल्या घराला घड्याळ वाचता येत नाही.

आणि ‘त्यांना सांगू नका’ या वाक्याचा सगळा भरवसा पंचांगावर असतो. त्यातला न उच्चारलेला शब्द ‘आत्ताच’ हा आहे. आत्ताच सांगू नका. पुढे सांगू, थोडी ताकद येऊ दे, नातीचे लग्न होऊ दे. कर्करोग पुष्कळदा अशी सवड देतो, म्हणून हा हिशेब बरोबर वाटतो. तो एका सकाळी कपबशी कलल्यावर चुकतो.

तात्यांची वाचा गेली. त्यांना ऐकलेले बरेचसे कळत होते, शब्द मात्र बाहेर येत नव्हते. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने ज्याच्यावरून मेंदूतील वाणीचे स्थान दाखवून दिले, तो रुग्ण ‘तां’ या एकाच अक्षरावर बोलणे भागवत असे. तात्यांना ‘नाही’ हा शब्द येई, आणि तो ‘हो’च्या जागीही येई. आईला त्यांनी जन्मभर नावाने हाक मारली नव्हती, ‘अगं’ म्हणत. ते ‘अगं’ही येईना. पण पाचव्या दिवशी माझ्या बहिणीने सहज ‘बे एके बे’ म्हटले आणि तात्यांनी पुढचा अख्खा पाढा खणखणीत आवाजात म्हटला. मग एकोणतीसचा पाढा, पार दोनशे नव्वदपर्यंत. खोलीतले दुसरे रुग्णही ऐकत राहिले. आम्हाला आशा वाटली. नंतर डॉक्टरांनी समजावले की वर्षानुवर्षे घोकलेले पाढे, अंक, भजने पुष्कळदा शाबूत राहतात; आपले म्हणून जे बोलायचे असते ते मात्र त्या वाटेने बाहेर येत नाही. एकोणतीसचा पाढा म्हणू शकणारा माणूस ‘मला घरी न्या’ एवढे म्हणू शकत नव्हता.

त्यांना गिळता येईना म्हणून नाकातून नळी घालण्याचा विषय निघाला. केमोथेरपी पुढे चालू ठेवायची का, हाही निर्णय घ्यायचा होता. थोरल्या भावाचे म्हणणे मुंबईला, परळला न्यावे. बहिणीचे म्हणणे गावी न्यावे. आई काहीच बोलेना. त्या वेळी माझ्या लक्षात आले की ज्याचे हे शरीर आहे त्याला काय हवे आहे, याचा आम्हा चौघांपैकी एकालाही अंदाज नाही. कारण अंदाज येण्यासाठी जे एक बोलणे व्हायला हवे होते, ते आम्ही दोन महिने निगुतीने टाळले होते. नळी घातली. तात्यांनी डाव्या हाताने ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. हा त्यांचा निर्णय होता की नुसती तळमळ? परिचारिकेने बँडेजची पट्टी दिली आणि मी तात्यांचा चांगला राहिलेला हात पलंगाच्या दांडीला बांधला. गाठ मीच मारली. ते माझ्याकडे पाहत होते. पुढे सात आठवड्यांनी ते गेले.

यात कुणा डॉक्टरची किंवा दवाखान्याची तक्रार नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला विचारले होते, “त्यांना स्वतःला सगळं कळावं असं वाटत असेल का?” मी परस्पर ‘नाही’ म्हणालो होतो.

आता साहित्याकडे वळू. मरणाऱ्या माणसाभोवती घरच्यांनी उभारलेल्या असत्याचे चित्र टॉलस्टॉयने १८८६ मध्ये ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत रेखाटले आहे. इव्हानला वेदनांइतकाच त्रास होतो तो या खोट्याचा, आणि त्याला बरे वाटते ते गेरासिम या खेडवळ नोकराजवळ, कारण तेवढाच एक जण सोंग करत नाही. ही कथा मी वर्गात शिकवली आहे. शिकवताना मी अर्थातच गेरासिमच्या बाजूने बोललो होतो. वाङ्मयाने माणूस शहाणा होतो असे आपण म्हणतो. मी झालो नाही, एवढी नोंद येथे करून ठेवतो.

मराठीतले उदाहरण हवे असेल तर २००४ चा ‘श्वास’ हा चित्रपट पाहावा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी तो केला. कोकणातल्या लहानग्या परशाच्या डोळ्यांना कर्करोग होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. ‘श्वास’ हा आजोबांच्या मायेचा चित्रपट म्हणून आपल्या लक्षात आहे. पण कथेचा कणा निराळा आहे: शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. सांगितल्यामुळेच दृष्टी जाण्याआधीचा एक दिवस त्या मुलाच्या वाट्याला येतो. आपण सात-आठ वर्षांच्या पोराला सांगावे असे मानणारी कलाकृती डोक्यावर घेतली. आणि एकाहत्तर वर्षांच्या शिक्षकाला सांगायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

अरुण कोलटकर २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात कर्करोगाने गेले. १९७७ च्या पहिल्या मराठी संग्रहानंतर हा कवी पाव शतक जवळजवळ पुस्तकाविना राहिला होता. ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ आणि इंग्रजीतील ‘काळा घोडा पोएम्स’ व ‘सर्प सत्र’ ही पुस्तके आली ती अगदी अखेरच्या काळात. पुढच्या एका संग्रहाविषयी ते शेवटच्या दिवसांत अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्याशी बोलून गेले; ते पुस्तक २००९ मध्ये निघाले. आपल्यामागे काय उरावे आणि कसे उरावे, हे त्यांनी स्वतः ठरवले. सर्वांच्या मागे ‘भिजकी वही’ नसते, हे खरे. पण विहिरीच्या वाटणीचा वाद, एखादी उसनवारी, धाकट्या भावाशी वीस वर्षे धरलेला अबोला, एवढे तर प्रत्येकाकडे असते. तात्यांचा त्यांच्या धाकट्या भावाशी अबोला होता. काका दवाखान्यात आले, पायाशी बसून रडले. तात्या ‘नाही, नाही’ म्हणत राहिले. त्याचा अर्थ काय घ्यावा, ते काकांना आजही ठरवता येत नाही.

मराठीत आजाराविषयीचे लेखन अलीकडच्या काळात चांगले झाले आहे. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’, अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, अरविंद बावडेकर यांचे ‘कॅन्सर माझा सांगाती’ ही पुस्तके लोकांनी आवडीने वाचली आणि त्यांतून पुष्कळांना धीर मिळाला. पण या लेखनप्रकारालाच एक मर्यादा आहे: आजारात ज्याची वाणी शाबूत राहिली, तोच लिहितो. वाचा गेलेल्याचे आत्मकथन नसते. स्वीडिश कवी तोमास त्रान्सत्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला, उजवे अंग आणि बोलणे गेले. तरीही पुढे त्यांचे संग्रह आले, ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे उदाहरण आपण विस्मयाने सांगतो, कारण ते अपवाद आहे. बाकीच्यांच्या वतीने लिहायचे ते उशाशी बसलेल्यांनी. असे लेखन आपल्याकडे विरळ आहे, आणि ते विरळ असण्याचे एक कारण मला असे दिसते की उशाशी बसलेल्यांना त्यात स्वतःचे खोटेही लिहावे लागेल.

माझ्या मताविरुद्ध दोन गोष्टी म्हणता येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली पैशाची. आमच्यासारख्या तालुक्यात माणसाला रोगाचे नाव कळले की तो प्रथम खर्चाचा विचार करतो आणि ‘माझ्यापायी बाग विकू नका’ म्हणून उपचार नाकारतो. सरकारी योजनेत उपचार झाले तरी जाणेयेणे, बुडालेली मजुरी, औषधे हा खर्च राहतोच. मीही हेच कारण स्वतःला दिले होते. पण नीट पाहिले तर याचा अर्थ असा होतो की, त्याचे उत्तर आम्हाला आधीच ठाऊक होते आणि ते नको होते म्हणून आम्ही प्रश्नच विचारला नाही. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. काही रुग्णांना स्वतःलाच कळून घ्यायचे नसते. आजाराच्या रूपकांवर लिहिणाऱ्या सोंटॅग २००४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पण मृत्यूविषयीचे बोलणे त्यांनी शेवटपर्यंत होऊ दिले नाही. नीट निरोप घेता आला नाही, ही सल त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांनी २००८ च्या पुस्तकात लिहिली आहे. न कळून घेण्याचा हा अधिकार मला मान्य आहे. तो अधिकार रुग्णाचा आहे, आपला नाही, एवढेच माझे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपीही केली. पण ज्याला आपल्याला सूज आली आहे एवढेच सांगितले आहे, तो माणूस कागदावर काय लिहिणार?

म्हणून ‘सांगावे की सांगू नये’ हा वाद मला आता चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. आधी विचारावे. तुम्हाला किती कळायला हवे आहे, कुणाकडून हवे आहे, आणि उद्या तुम्हाला बोलता आले नाही तर तुमच्या वतीने कुणी बोलावे? तीन प्रश्न. पहिल्या सलाईनच्या आधी ते एका संध्याकाळी विचारून होतात.

तात्या गेल्यानंतर वर्षभराने आईने एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या सलाईननंतर ती दोघे एस.टी.ने परत येत होती. तात्या खिडकीशी होते. त्यांनी बाहेर पाहतच विचारले, “अगं, हे बरं व्हायचं हाय का?” आई म्हणाली, “सूज उतरतीया म्हणाल्यात.” तात्या “बरं” म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विचारले नाही. त्यांना उत्तर ठाऊक होते असे आईला वाटते. मला ते नक्की सांगता येत नाही. त्यांनी विचारले होते, इतके मात्र आता मला ठाऊक आहे, आणि आईने जे उत्तर दिले ते मी तिला पढवले होते.